माउलीला पाणी लावायचं न्हाय

सणसरच्या पुढं कालव्याच्या कडेला अकरा घरांची एक वस्ती आहे आणि त्या अकरा घरांचं मिळून एक देऊळ. देऊळ म्हणजे काय, तर पत्र्याची एक खोली, वर सिमेंटचा क्रूस, आत सहा बाकं आणि मतमाउली, म्हणजे मारियाची मूर्ती. बारामतीहून फादर महिन्यातून एकदा मिस्साची उपासना करायला येतात. बाकीचे एकोणतीस दिवस देवळाची किल्ली मनिषा साळवेच्या कमरेला. त्याआधी ती तिच्या सासूच्या, गोजरबाईच्या कमरेला होती.

गोजरबाईला जाऊन अठरा वर्षं झाली, पण तिचे नियम काही गेले नाहीत. वेदीच्या कापडाला इस्त्री करताना तोंड बंद ठेवायचं. मेणबत्तीचे पितळी स्टँड चिंच-मिठानंच घासायचे, बाजारची पावडर लावायची नाही. फुलं कालची चालतील, पण देठ आजचे कापायचे. कुणी विचारलं, एवढं कशाला गं, तर म्हणायची, "देवाला काय कळतं का न्हाय? नीट केलं की त्याला कळतं, प्रार्थना चाललीय." आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, "माउलीला पाणी लावायचं न्हाय. कोरडं फडकं फिरवायचं, बास." का, ते तिनं कधी सांगितलं नाही. आणि गोजरबाईला का म्हणून विचारायची छाती अख्ख्या वस्तीत कुणाची नव्हती.

माउलीची मूर्ती दीड हात उंच. निळा झगा, पांढरी ओढणी, एक हात पुढं उघडा आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या छातीकडं. हे असं बोट का, याचं वस्तीनं आपलं आपण उत्तर काढलं होतं. माउली म्हणतीय, काळजी करू नका, मी हाय ना! लहान पोरांनासुद्धा असंच सांगायचे. मनिषानंही आपल्या पोरीला, स्वरूपाला, असंच सांगितलं होतं.

तर मनिषानं वीस वर्षं गोजरबाईचा नियम पाळला आणि यंदा ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी मोडला. का मोडला ते आधी सांगायला हवं, नाहीतर बाई उगीच आगाऊ वाटायची. तशी ती नाही. ती भ्यालेली होती.

मे महिन्यात अंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली. वालाच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, पण होती. बोट फिरवलं की तिथंच. दुसऱ्या दिवशी जाईल म्हणाली, गेली नाही. जूनमध्ये जाईल म्हणाली, गेली नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, पोरीला सांगितलं नाही. जुलै सरता सरता बारामतीला कापड आणायच्या निमित्तानं दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, मग सुई घालून तुकडा काढला आणि पुण्याला तपासायला पाठवला. आणि गुरुवारी तिथल्या सिस्टरचा फोन आला. "मनिषाताई, रिपोर्ट आलाय. येताना मिस्टरांना घेऊन या."

आता सांगा, रिपोर्ट चांगला असता तर नवऱ्याला कशाला बोलावलं असतं? मनिषानं फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली खुपसून ठेवला. जणू काही फोनच आजारी होता.

तिची भीती साधी नव्हती. गोजरबाई गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ मनिषानं घातली होती, आणि शेवटच्या पंधरा दिवसांत, जेव्हा लपवणं म्हातारीच्या हातात उरलं नव्हतं, तेव्हा पदराखाली काय आहे ते मनिषानंच पाहिलं होतं. त्याचा वास अजून तिच्या नाकात बसलेला. नवऱ्यालाही तिनं ते कधी नीट सांगितलं नाही. आईच्या छातीचं पोराला काय सांगणार? सगळे म्हणाले, लई उशिरा कळलं, आतल्या आत वाढलं, कुणाला पत्ताच न्हाय. मनिषाही असंच समजून होती.

त्या शुक्रवारी दुपारी नवरा, आंतोन, जेवायला घरी आला. त्याचं सणसरच्या चौकात दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो नवीन तार भरून देतो. भाकरी मोडता मोडता नेहमीसारखा करवादला, "लोकास्नी अक्कल न्हाय बघ. मोटर सहा सहा म्हयने घुमती, आवाज करती, तवा आणायची न्हाय. पार कोळसा झाली की टेम्पोत घालून आणायची आणि म्हणायचं, करा दुरुस्त! उघडायला काय भ्या वाटतं का?"

मनिषानं त्याच्या ताटात कालवण वाढलं आणि लगेच पुन्हा वाढलं.

"काय गं? चेहरा का उतारलाय?"

"उन्हाचं," ती म्हणाली. बाहेर आभाळ आलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माउलीच्या सणाची नऊ दिवसांची भक्ती सुरू व्हायची होती. तिसऱ्या प्रहरी ती देवळात गेली, स्टँड घासले, लखलखीत केले. घंगाळात चिंचेचं पाणी उरलं. तिनं माउलीकडं पाहिलं. नाकाच्या शेंड्यावर धूळ, झग्याच्या चुण्यांत धूळ. शेजारच्या मळ्यातल्या राजलक्ष्मीचे देव एकादशीला चिंचेनं न्हाऊन कसे झळझळतात आणि आपल्या आईला नुसतं कोरडं फडकं! तिच्या मनानं घेतलं. खरं तर मनानं नाही, भीतीनंच घेतलं. "मी तुला न्हाऊ घालते," ती हळूच म्हणाली, "तू माझं तेवढं बघ." देवाशी असा सौदा करू नये हे तिला चांगलं माहीत होतं. फादरांनी दहादा सांगितलं होतं. पण भ्यालेलं माणूस काय काय करतं.

तिनं चिंचेच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि चेहरा पुसला. चेहरा उजळला. हात पुसले, तेही उजळले. तिला बरं वाटलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. मग तिनं छातीवरून फडकं फिरवलं आणि फडकं निळं झालं.

तिनं हात मागं घेतला. माउलीच्या झग्याचा रंग डाव्या बाजूला विरघळून खाली ओघळत होता आणि त्याच्या खालून लाल दिसत होतं. ओलं, मांसासारखं लाल. मधे काहीतरी करडी रेघ.

डाव्या बाजूला. नेमकं तिथंच.

 मनिषा बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. देवा, अरे देवा! दुसरीकडं कुठं निघाला असता रंग, पायाला निघाला असता, पाठीला निघाला असता. हे उत्तर आलं होतं. सौद्याला असं उत्तर. रिपोर्ट तांदळात लपवलास काय, घे मग, इथं वाच! तिला गोजरबाईची छाती आठवली. तेवढीच जागा, तेवढाच रंग. तिला वाटलं, आपण ओरडणार. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"काय गं मनिषा, हायेस का आत?" दारातून राजलक्ष्मीचा आवाज आला. ही बाई हिंदू शेतकऱ्याची, पण दरवर्षी माउलीला पहिली शेवंती हिचीच. फुलं मोकळ्या हातानं देते आणि जीभही तशीच मोकळी सोडते. हिला एखादी गोष्ट कळली की दिवस मावळायच्या आत सणसरात कळली म्हणून समजा. मनिषानं वेदीचं इस्त्री केलेलं कापड ओढलं आणि माउलीला गळ्यापर्यंत गुंडाळलं.

"आगं बया! माउलीला थंडी वाजती का काय?"

"धूळ बसती," मनिषा म्हणाली. "उद्या उघडणार."

राजलक्ष्मीनं टोपली ठेवली, तिच्याकडं निरखून पाहिलं. "तूच पांढरी फटक दिसतीयास. काय झालं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हणणाऱ्या बायकांचंच काय तरी असतं," असं म्हणून ती निघाली, पण दारात थांबली, उगीच चौकटीला हात लावून उभी राहिली आणि मग पदर सावरत गेली. मनिषाचं लक्ष नव्हतं. ती मोजत होती, उद्या संध्याकाळी सहापर्यंत किती तास आहेत ते.

रंगवणाऱ्याचं नाव शोधावं लागलं नाही. त्या भागातल्या निम्म्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं, कमळाखाली, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, अल्ताफ पेंटर, बारामती.

शनिवारी सकाळी आंतोन दुकानाला गेल्यावर तिनं माउलीला देवळातून उचललं, स्वरूपाच्या लहानपणच्या गोधडीत बांधलं, तांदळातून फोन काढून बंदचा बंद पिशवीत टाकला आणि एसटी धरली. गोधडी मांडीवर. शेजारच्या म्हातारीनं बाळ समजून विचारलं, "कितवा महिना?"

"झोपलंय," मनिषा म्हणाली.

"तोंड तरी उघडं ठेव की माय, जीव गुदमरंल त्याचा."

मनिषानं गोधडी आणखी घट्ट धरली. मांडीवरचं वजन आणि छातीतलं वजन, दोन्ही तिला सारखंच वाटत होतं. सगळी वाट ती नमो मारिया म्हणत होती, पण ज्या माउलीला म्हणायचं तीच गोधडीत गुंडाळलेली, आणि तिच्याकडं बघायचीच भीती. अशी प्रार्थना कुणी केली नसेल. बारामतीला उतरल्यावर ती दवाखान्याच्या रस्त्यानं न जाता लांबच्या रस्त्यानं वळसा घालून गेली.

अल्ताफचं दुकान म्हणजे घरापुढचा मांडव. दोन ट्रॉल्या उभ्या, हंगामाच्या आधी रंगायला आलेल्या. अल्ताफ सदतीस-अडतीसचा, कानावर ब्रश, एका ट्रॉलीच्या फळीवर मोर काढत बसलेला. मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा तो असा जपून भरत होता, जणू ती ट्रॉली वरातीला जायची होती. ओट्यावर त्याची आई, अस्मा, मेथी निवडत होती.

"ऊस वाहायला मोर कशाला लागतो हो?" मनिषानं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"उसाला न्हाय लागत ताई," अल्ताफ हसला. "पण मागच्या गाडीवाल्याला तासभर ट्रॉलीच बघायचीय का न्हाय? त्याला तरी बरं वाटू दे. काय आणलंय?"

तिनं गोधडी सोडली. छाती दिसू नये म्हणून हात आपोआप तिथंच गेला. मग तिनं हात काढला आणि एका दमात सगळं सांगितलं, गाठ सोडून. धुतली, रंग गेला, संध्याकाळी सहाला लोक येणार, कुणाला कळायच्या आत झाकून द्या, जसं होतं तसं करा.

"कशानं धुतली?"

"चिंचेनं."

"चिंच! अहो ताई, ही काय पितळी घागर हाय का?" पण तो जवळ वाकला आणि त्याचं हसू गेलं. त्यानं बोट ओलं करून रंगाच्या कडेला लावलं, चोळलं, वास घेतला. "हा झग्याचा रंग न्हाय. झग्याचा रंग तेलाचा हाय, पक्का, जुना. हा वरनं दिलेला पाण्याचा रंग. सरस घालून. झाकायला." त्यानं आईकडं पाहिलं. "अम्मी, हा अब्बांचा हात हाय. ही निळाई अब्बाच कालवायचे."

अस्मा मेथी टाकून उठली, गुडघ्यावर हात देत आली. मूर्तीकडं बघितलं आणि ओट्याला टेकली.

"ही तर कालव्यावरची बीबी मरियम," ती म्हणाली. "पाणी लागलं का हिला शेवटी?"

मनिषानं गोधडीचं टोक मूर्तीकडं ओढलं.

"अल्ताफ, पूस. सगळं पूस ते," अस्मा म्हणाली.

"नको!" मनिषा ओरडली. "झाका म्हणते मी. झाका!"

पण अल्ताफनं कापूस भिजवला होता. त्याचा हात मोर काढणारा हात, घाई नाही, जोर नाही. निळं पाणी ओघळत गेलं आणि जे तिनं मांस समजून पाहिलं होतं ते हळूहळू आकाराला आलं. ते काळीज होतं. झग्याच्या वर, बाहेर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं काळीज. त्याच्याभोवती बारीक गुलाबांचं कडं, गव्हाच्या दाण्याएवढे गुलाब, प्रत्येकाला पाकळ्या निराळ्या. वर सोनेरी ज्वाळा. आणि काळजातून आरपार गेलेली एक तलवार, तीच ती करडी रेघ. तिच्या मुठीवरसुद्धा कुणीतरी बसून वेल काढली होती. आणि माउलीचं ते बोट, वस्ती इतकी वर्षं ज्याचा अर्थ लावत होती, ते नेमकं त्या तलवारीकडं होतं.

 बायबलातला तो म्हातारा शिमोन मनिषाला आठवला, देवळात बाळाला हातात घेऊन माउलीला सांगणारा, की तुझ्या जिवातून तलवार जाणार आहे. दर वर्षी ऐकलं होतं. इस्त्री करता करता ऐकलं होतं. म्हणजे हिलाही आधीच सांगितलं होतं. हिच्याही हातात रिपोर्ट दिला होता. आणि ही तो तांदळात लपवून बसली नव्हती.

"हे कुणी झाकायला सांगितलं?" तिनं विचारलं, पण तिला उत्तर माहीत होतं.

"गोजरबाईनं," अस्मा म्हणाली. "माझ्या अल्ताफची दहावी होती त्या साली. अशीच आली, अशीच गोधडीत घेऊन. म्हणाली, ही तलवार झाका, पोरं भितात. अल्ताफच्या अब्बांचा हात उठंना. इतकं देखणं काम कसं मारायचं? मग मला म्हणाले, बाईचा शब्द ठेवतो, पण पाण्याच्या रंगानं झाकतो. कवातरी कुणीतरी धुवंल. गोजरबाईला मात्र बजावलं, पाणी लावू नका, रंग जाईल."

अस्मानं मनिषाचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं. "रंग वाळंपतूर ती हितंच बसली होती. तू बसलीस ना, अगदी तशीच. पदर असा दाबून."

मनिषानं खाली पाहिलं. तिचा हात डाव्या छातीवर होता.

"मी म्हणाले, बाई, काय होतंय? तर तिनं दाखवलं. हरभऱ्याएवढी गाठ, बास. एवढीशी. मी म्हणाले, चल, दवाखाना चार पावलांवर हाय, मी येते संगट. तर म्हणाली, न्हाय, पोराचं लग्न ठरलंय. लोक म्हणतील घरात रोग हाय, पोरगी देणार न्हायत. लग्न होऊ दे, मग बघू. आणि मला अल्ताफच्या गळ्याची शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाय." अस्मानं मूर्तीकडं बोट केलं. "मूर्तीपुढं गुडघे टेकले की म्हणे, तलवार तिला आणि कळ मला. बघवत न्हाय म्हणाली. म्हणून झाकली. मी गप बसले. तीन सालांनी कळलं ती गेली. तवापासनं मी शपथेला भीत न्हाय पोरी, त्या गप बसण्याला भिते."

ते लग्न म्हणजे मनिषाचंच लग्न. मनिषा हळदीच्या अंगानं त्या घरात आली तेव्हा सासूनं तिला ओवाळलं होतं, उजव्या हातानं. डावा हात पदरावर होता. फोटो आहे तसा, घरात भिंतीवर. वीस वर्षं तो फोटो ती पुसत होती, कोरड्या फडक्यानं. म्हणजे उशिरा कळलं, कुणाला पत्ताच न्हाय, असं काही नव्हतं. पत्ता होता. हरभऱ्याएवढा असताना होता. म्हातारीनं सुनेसाठी तो झाकला आणि त्या झाकण्यापायी मेली.

मनिषा रडली. कशी रडली ते सांगत नाही, ट्रॉली रंगवायला घेऊन आलेला माणूस हातातला चहा तसाच ठेवून उठून गेला यावरून समजा. अल्ताफनं मोराकडं तोंड केलं आणि अस्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "किती दिवस झाले?"

"चार म्हयने," मनिषा म्हणाली. तोंडातून पहिल्यांदाच निघालं ते.

अल्ताफनं विचारलं, "ताई, निळा रंग हाय माझ्याकडं. द्यायचा का?"

"न्हाय," ती म्हणाली. "राहू दे उघडी."

तिनं फोन चालू केला. त्यातून तांदळाचे दोन दाणे पडले. आंतोनला लावला. "बारामतीला या. आत्ता. अल्ताफ पेंटरच्या हितं."

"मूर्ती फोडलीस का काय? राजलक्ष्मी मघाशी म्हणाली, काल माउलीला गुंडाळलं होतंस, आज तू गोधडीत काय तरी घेऊन..."

"मूर्ती न्हाय. मी. मला गाठ हाय. आईला होती तशी."

पलीकडं दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हाललीस तर बघ तितनं. आलो."

तो पाऊण तासात आला, हाताला वार्निश तसंच. मूर्तीकडं बघून थबकला. "ही तलवार मी लहानपणी बघितलीय," तो म्हणाला. "आईनं रंग दिला तवा विचारलं होतं. म्हणाली, पोरं भितात. मग समदे विसरले, मी बी." मनिषानं त्याला मग सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसून राहिला. रागावला, तिच्यावर, आईवर, स्वतःवर. "माझ्याच घरात," एवढंच परत परत म्हणत होता. मग उठला आणि गाडीला किक मारली.

दवाखान्यात ती माउलीला मांडीवर घेऊनच बसली. ठेवणार कुठं? बाकावरच्या एका माणसानं उठून मूर्तीच्या पाया पडून घेतलं, आणि देव कुणाचा याची चौकशी न करता परत जाऊन बसला.  मनिषाची भीती गेली असं कुणी समजू नये. सिस्टरनं नाव पुकारलं तेव्हा आंतोननंच हात वर केला. फरक एवढाच की आता तिच्यापुढं ते उघडं काळीज होतं आणि ती त्यातले गुलाब मोजत होती. अकरा होते. ज्यानं कुणी रंगवलं त्याला घाई नव्हती. तलवार काढायचीच आहे तर फुलं कशाला, असं त्याच्या मनात आलं नाही. दुखतं तिथंच त्यानं सगळ्यात बारीक कुंचला चालवला होता.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गाठ वाईट आहे. ऑपरेशन करायचं, मग औषधं. लांबची वाट आहे. "पण लहान आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही वर्षानं आला असतात तर मी हे बोलले नसते." आंतोननं टेबलाची कड धरली.

संध्याकाळी सहाला देऊळ भरलं. अकरा घरं आणि मळ्यातल्या चार-दोन बायका. माउली जागेवर होती, चिंचेनं घासलेल्या पितळेच्या मधे, शेवंतीत, आणि मेणबत्तीच्या उजेडात ते काळीज लाल दिसत होतं. कुजबुज उठली. पुढच्या बाकावरच्या रामहरीतात्यांनी काठी टेकत विचारलं, "मनिषा, माउलीच्या छातीवर ही जुनी तलवार परत कशाला काढलीस? सणाच्या दिवसात?"

"काढली न्हाय तात्या. होती. आमच्या सासूनं झाकली होती." तिनं बाकाला हात टेकला. "तिला छातीत गाठ होती. तिनं ती बी झाकली. मला बी हाय. आज रिपोर्ट बघितला. मी चार म्हयने झाकली, लई भ्याले होते. अजून भ्यालेलीच हाय. पर आता मी झाकणार न्हाय, आणि माउलीला बी झाकू देणार न्हाय. बास, एवढंच. आता जपमाळ सुरू करा."

 स्वरूपा मागून उठली आणि येऊन आईला चिकटून उभी राहिली. मग रामहरीतात्यांनीच घसा खाकरून सुरुवात केली, आणि बाकीचे मागून आले. मनिषाला प्रत्येक नमो मारियाला वाटत होतं, हे आता आपल्यासाठीच म्हणतायत. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

लोक पांगले. आंतोन स्वरूपाला घेऊन पुढं गेला. मनिषा मेणबत्त्या विझवत होती. राजलक्ष्मी मात्र गेली नव्हती. ती टोपलीतली उरलेली शेवंती काढून देठ कापत बसली होती, कापलेलेच पुन्हा कापत होती. आता ही बोलणार, मनिषाला वाटलं, आणि दिवस उगवायच्या आत सणसरभर.

"मनिषा," राजलक्ष्मी म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "ती डॉक्टर, बाईच हाय ना गं?"

"बाईच हाय."

"सुई घालताना दुखतं का?"

"दुखतं. पर थोडं."

राजलक्ष्मीनं कात्री खाली ठेवली. तिचा डावा हात पदरावर गेला आणि तिथंच राहिला. ती माउलीकडं बघत होती, त्या बोटाकडं.

"मला वरीस झालं," ती म्हणाली.

मनिषानं शेवटची मेणबत्ती विझवली नाही. ती तिच्याजवळ जाऊन बाकावर बसली.

"सोमवारी सातची एसटी हाय," ती म्हणाली. "मी जागा धरते."